फ्राऊ क्रेमर आणि मुक्ताची धुरी

या ग्रुपवरचे जुने लोक मला 'जर्मनीची तक्रारखिडकी' म्हणतात, आणि ते खरंच आहे. ट्रेन उशिरा आली की मी इथे लिहिते. डॉक्टरचा टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, तीन महिन्यांनंतरचा मिळाला की लिहिते. टीव्हीवर चार शहाणे बसून 'या परदेशी लोकांचं करायचं काय' यावर तासभर बोलले, आणि त्या तासभरात त्या परदेशी लोकांपैकी एकालाही कुणी बोलावलं नाही, की त्यावरही लिहिते. भुताखेतांच्या पोस्ट आल्या की मात्र सरळ पुढे सरकवते. त्यांच्यावर वाद घालण्याइतकीही शक्ती माझ्यात उरलेली नसते. वडील सायन्सचे शिक्षक, नवरा इंजिनिअर, मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये... म्हणजे एखादी गोष्ट पुन्हा करून दाखवता आली नाही तर ती घडलीच नाही, असं म्हणायचा मला पगार मिळतो.

तरी आज लिहितेय. कारण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला धड झोप लागणार नाही.

आम्ही स्टुटगार्टमध्ये त्सुफेनहाउझेनला राहतो. चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या दारात फ्राऊ, म्हणजे श्रीमती, क्रेमर. वय ऐंशीच्या पुढे, अंगात कायम बिनबाह्यांचा फुलाफुलांचा एप्रन, आणि जिन्यात कुणाची चप्पल वाजली की दार किलकिलं. जिना झाडायची पाळी कुणाची, कचरा कुठल्या डब्यात, दुपारी मिक्सर का लावला — सगळ्यावर त्यांचं लक्ष. आणि त्यांचा सगळ्यात आवडता विषय म्हणजे ल्युफ्टन. घराला हवा देणं! इथे ते भाड्याच्या करारातसुद्धा लिहिलेलं असतं हो. बर्फ पडत असलं तरी सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतींना बुरशी येते म्हणे. आम्ही पुण्याची माणसं, हीटरला पैसे मोजून ऊब बाहेर सोडायची ही कल्पनाच आमच्या पचनी पडत नव्हती. फ्राऊ क्रेमर आठवड्यातून एकदा तरी बेल वाजवायच्या आणि बोट वर करून म्हणायच्या, "फ्राऊ माने, फेन्स्टर आउफ!" खिडक्या उघडा. मी हसून 'या, या', म्हणजे हो हो, म्हणायची, दार लावायची आणि मग आत समीरच्या, म्हणजे नवऱ्याच्या डोक्यावर खापर फोडायची.

नोव्हेंबरच्या शेवटी मुक्ता झाली. बाळंतपणासाठी सासूबाई कराडहून आल्या होत्या. आता घरात दोन पक्ष झाले. सासूबाईंचा नियम एकच — वारं लागता कामा नये. माझ्या कानाला स्कार्फ, बाळाला टोपडं, खिडक्या बंद. मला त्या दिवसांत मत असं काही नव्हतंच. टाके दुखत होते, दूध नीट उतरत नव्हतं, झोप म्हणजे काय ते विसरले होते. कुणीही काहीही सांगितलं तरी मी मान हलवायची. फ्राऊ क्रेमरची बेल वाजत नाहीये, एवढं मात्र जाणवायचं आणि देवाचे आभार मानायची. म्हटलं, बाळ आहे म्हणून म्हातारीला दया आली असेल.

मुक्ताला रोज तेल लावून आंघोळ, आणि आंघोळीनंतर धुरी. सासूबाईंनी स्वतःची दोन मुलं आणि अर्ध्या गल्लीची बाळं अशीच न्हाऊमाखू घातलेली. तवा माझाच, जुना लोखंडी. कोळसे उन्हाळ्यातल्या ग्रिलचे उरलेले, समीरने तळघरातून आणून दिलेले. बाल्कनीत ते फुलवायचे, तवा आत आणायचा, वर ओवा आणि लसणाची सालं टाकायची. पहिल्या दिवशी बेडरूममध्ये केलं तर छताला लावलेला धुराचा अलार्म असा किंचाळला की मुक्तापेक्षा मीच जास्त रडले.

"मेलं हे यंत्र, बाळाच्या धुरीला पण आग समजतंय," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी धुरी बाथरूममध्ये हलवली. तिथे अलार्म नाही. खिडकीही नाही. हवा खेचणारा पंखा आहे, तो गार वारं आणतो म्हणून बंद ठेवायचा, आणि दाराखालच्या फटीला जुना टॉवेल लावायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या शिकलेल्या तुम्ही, कळलं नाही? दर हिवाळ्यात इथल्या बातम्यांत सांगतात, ग्रिल घरात पेटवू नका, कोळशाच्या वायूला वास नसतो. मी ती बातमी बघून हसलेय हो. घरात ग्रिल कोण पेटवतं, म्हटलं होतं! आमची धुरी म्हणजेही ग्रिलच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. धुरी म्हणजे धुरी. कराडला मोरीला वर झरोका असतो आणि दाराला बोटभर फटी असतात, हा फरक आमच्या तिघांपैकी एकाच्याही लक्षात आला नाही.

जानेवारीतली सकाळ, समीर ऑफिसला गेलेला. सासूबाईंनी मुक्ताला घेतलं आणि म्हणाल्या, "पल्लवी, तू पड जरा. धुरी झाली की आणून देते तुझ्याकडे." मी बेडरूममध्ये आडवी झाले आणि दगडासारखी झोपले.

बेलने जाग आली. एकदा वाजवून थांबायची पद्धत नव्हती ती, बटणावर बोट दाबूनच धरलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाळ असलेल्या घरात असं कुणी करतं? तरातरा गेले आणि दार उघडलं. समोर फ्राऊ क्रेमर, तोच एप्रन.

"फेन्स्टर आउफ, फ्राऊ माने."

मी इंग्रजीत, जर्मनमध्ये, शेवटी मराठीतसुद्धा सुनावलं त्यांना. म्हटलं, माझं घर आहे, बाळ सहा आठवड्यांचं आहे, पुरे झालं आता तुमचं. एरवी त्यांनी दुप्पट सुनावलं असतं. त्या दिवशी मला बाजूला सारून सरळ आत शिरल्या. आजवर कधी उंबरा ओलांडला नव्हता त्यांनी. हॉलच्या खिडक्या उघडल्या आणि बाथरूमच्या दाराकडे बोट दाखवलं.

मी रागातच दार ढकललं, 'हे बघा, काही नाहीये' असं दाखवायला. टॉवेलमुळे ते अडकत होतं.

सासूबाई पाटावर बसल्या बसल्या भिंतीला टेकल्या होत्या, तोंड उघडं. मुक्ता त्यांच्या मांडीवर. ती झोपलेली नव्हती... झोपलेल्या बाळाचा हात उचलला तर तो असा पडत नाही. निखारे लालभडक, धूर अजिबात नव्हता. ओव्याचा छान वास येत होता. 

मी मुक्ताला उचललं आणि मागे वळून फ्राऊ क्रेमरच्या हातात दिलं. हे मला लख्ख आठवतंय. त्यांचे हात थंड होते, आणि त्यांनी तिचं डोकं बरोबर कोपराच्या खळग्यात घेतलं. मग सासूबाईंना काखेत धरून ओढत हॉलमध्ये आणलं. टाक्यांची जखम पुन्हा ओली झाली होती, ते नंतर कळलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला. काय बोलले माहीत नाही. मागून मुक्ताचं रडू ऐकू आलं — बारीकसं, मांजराच्या पिलासारखं. तेवढं ऐकलं आणि मी सासूबाईंना हाका मारायला लागले.

मदतीची माणसं आली तेव्हा दार उघडंच होतं. मुक्ता खिडकीजवळ गालिच्यावर होती, सोफ्यावरच्या शालीत गच्च गुंडाळलेली. फ्राऊ क्रेमर नव्हत्या.

दोघी वाचल्या. मुक्ताला आणि सासूबाईंना ऑक्सिजनवर ठेवलं. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, अजून थोडा वेळ गेला असता तर आपण वेगळ्या खोलीत बसून बोलत असतो. कुणी सावध केलं तुम्हाला? मी म्हटलं, शेजारणीने.

शेजारी बसलेला समीर चमकला. "कुठली शेजारीण?"

"कुठली म्हणजे? फ्राऊ क्रेमर."

"पल्लवी... अगं, त्या इथे कुठेत? तू डिलिव्हरीला ॲडमिट होतीस ना, त्याच आठवड्यात पडल्या त्या जिन्यात. खुब्याचं हाड मोडलं. मीच ॲम्ब्युलन्सला दार उघडून दिलं. लेकीने कोलोनला नेलंय त्यांना. तू त्या अवस्थेत, तुला कशाला सांगू म्हणून..."

 

पुढचे दिवस वाईट गेले. बाल कल्याण खात्यातून एक बाई घर बघायला आल्या. त्या शांतपणे बोलल्या, चहा घेतला, गेल्या. पण त्या जाईपर्यंत मी आणि समीर एकमेकांकडे बघत नव्हतो. पोर काढून नेतील, हेच डोक्यात. सासूबाई तर मुक्ताला हातच लावेनात. दूर खुर्चीवर बसून राहायच्या, तळवे मांडीवर उपडे ठेवून. "माझ्या हातून गेली असती गं," एवढंच म्हणायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांची दयाही यायची, आणि दोन्ही एकदम पेलायची ताकद नव्हती. फेब्रुवारीत व्हिसा संपला, त्या गेल्या. विमानतळावरही मुक्ताला घेतलं नाही. लांबूनच दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली.

समीरकडे उत्तर तयार आहे. म्हणतो, तो वायू फटीतून तुझ्याही खोलीत आला असणार, त्याने भास होतात. तुझ्याच मनाने तुला उठवलं, आणि दर आठवड्याला ज्या म्हातारीने 'खिडक्या उघडा' म्हणून डोकं खाल्लं, तिचंच रूप घेतलं. खिडक्या तूच उघडल्यास, बाळ तूच गुंडाळलंस. पटण्यासारखं आहे, गेनाऊ, अगदी तंतोतंत! मी ते शंभर वेळा स्वतःला सांगितलंय. पण मग सासूबाईंना ओढताना माझे दोन्ही हात त्यांच्या काखेत होते, तेव्हा मुक्ता माझ्याशिवाय रडली कुठे? जमिनीवर, म्हणतो तो. असेल.

फ्राऊ क्रेमरची लेक सामान न्यायला आली होती, तिला जिन्यात गाठून विचारलं. जानेवारीत आई मध्येच इकडे आली होती का? ती हसलीच. जानेवारीत त्या पलंगावरून उठायच्या म्हणजे दोन माणसं लागायची.

एप्रिलमध्ये फ्राऊ क्रेमर परत आल्या, चाकाच्या वॉकरला धरून. मी रव्याचा केक घेऊन भेटायला गेले. मुक्ता कडेवर. मुक्ता घरी आली तेव्हा त्या इथे नव्हत्या, म्हणजे तिला कधी बघितलंच नव्हतं, हे पुन्हा सांगते. त्यांनी केक बाजूला ठेवला, खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले. मी दिलं बाळ. डोकं कोपराच्या खळग्यात घेतलं, एकदा वरखाली केलं जोखल्यासारखं, आणि म्हणाल्या,

"आल्झो, हं. आता कशी जड झाली. तेव्हा काहीच नव्हतं हिच्यात."

मी 'या' म्हटलं.  मग त्या जिना कुणी नीट झाडला नाही त्यावर बोलायला लागल्या.

त्या दिवशी कराडला फोन केला आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. म्हणाल्या, "कुणीतरी होतं गं तिच्यावर लक्ष ठेवायला. मी एकटी नव्हते." मी त्यांना समीरचं उत्तर सांगितलं नाही.

 सगळ्या बाजूंनी तपासून झालं, आता दमले. तुम्ही म्हणाल, सरळ विचार ना म्हातारीला, समोरच तर राहते. रोज विचारायचं ठरवते आणि रोज नुसती मान हलवून जिना उतरते. कारण विचारलं आणि त्या म्हणाल्या, 'कधी? मी नव्हतेच,' तर त्या सकाळी मी माझी पोर नक्की कुणाच्या हातात दिली होती, हे विचारायला मग मला दुसरं कुठलंच दार उरत नाही.