सरकवलेलं कौल

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी सासरच्या घरातली जुनी आगटी बुजवून टाकली आणि छपरातलं एक सरकवलेलं कौल नीट जागेवर बसवलं. आगटी बुजवली तो गाढवपणा होता. कौल बसवलं, त्याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

माझं माहेर सांगलीचं, हळदीच्या पेठेमागचं. तिथली थंडी पाहुण्यासारखी, दोन दिवस राहून चहा पिऊन जाणारी. सासर मात्र महाबळेश्वराच्या मागच्या डोंगरात. बासष्ट-त्रेसष्ट सालची गोष्ट. पौषात सकाळी गवतावरचं दव गोठून मिठासारखं पांढरं दिसायचं आणि घागरीत हात घातला की बोटं आपली राहायची नाहीत. घरात ऊब एकाच जागी, मधल्या खोलीतल्या आगटीपाशी. जमिनीत हातभर खड्डा, भोवती मातीचा काठ, आत रात्रंदिवस धुमसणारा ओंडका. तिच्या बरोबर वर एक कौल चार बोटं सरकवलेलं. निम्मा धूर तिथून जायचा, निम्मा आमच्या डोळ्यांत. आणि त्याच फटीतून गारठा सुईसारखा खाली यायचा.

मी सातवी पास. ‘आपल्याला घर तापवायचंय की आभाळ?’ असं मी ह्यांना एकदा विचारलं. हे हसले. मला वाटलं, पटलं.

त्या साली थोरली जाऊ त्याच खोलीत बाळंत झाली. मुलगी झाली. जावेची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती, त्यामुळे या पोरीचा एकेक श्वास घरातलं प्रत्येक माणूस कान देऊन ऐकायचं. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला उबेत ठेवायचं, पोर उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, हा तिथला नेम. बाराव्या दिवशी सासूबाई अळीव आणि डिंक आणायला वाईच्या बाजाराला निघाल्या. दीर आणि हे सडकेच्या कामावर. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो.

“आगटी इझू द्यायची न्हाई,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कशाला हात लावू नगंस. तुला हात लावायची लय हौस हाय.”

एस.टी. वळणाआड गेली आणि मी फावडं घेतलं.

निखारे उपसले, खड्ड्यात माती भरली, वरून सारवलं. माहेराहून आलेली लोखंडी शेगडी माळ्यावर पडून होती, ती काढली. ओसरीवर लाकडी कोळसा फुलवून लालबुंद केला आणि शेगडी आत नेऊन ठेवली. सांगलीला ती कायम उघड्या ओसरीवरच असायची, एवढी एकच गोष्ट मी माहेरी विसरून आले होते. मग शिडी लावून कौल बसवलं. खिडकीत पोतं कोंबलं. दार लावून घेतलं.

“अगं, धूर कुठं गेला?” जाऊ बाजेवरून म्हणाली. “डोळं बी चुरचुरत न्हाईत.”

“अक्का, ही सांगलीची शेगडी आहे. हिला धूर माहीत नाही.”

काय तो माझा तोरा! कपडे धुताना मी आत्याबाईंचा चेहरा मनात रंगवत होते. त्या आल्या की म्हणणार, पोरगी शिकलेली हाय.

दुपारी आत डोकावले. जावेचे गाल लाल झाले होते. म्हणाली, “डोस्कं लय ठणकतंय. मळमळतंय बी.”

“जागरणानं असेल. झोपा जरा,” मी म्हणाले, आणि शेगडीत आणखी दोन ओंजळी कोळसे घातले. दार पुन्हा घट्ट ओढून घेतलं. घरची मांजर एरवी आगटीच्या काठावरून उठायची नाही. ती आज ओसरीच्या गार फरशीवर अंग आखडून बसली होती. मी तिलाही नावं ठेवली. म्हटलं, जनावराला सुख कळत नाही.

उन्हं कलली तेव्हा आत्याबाई आल्या. छपरातून धूर निघताना दिसेना, तशा अंगणातच थांबल्या. डोक्यावरचं गाठोडं तसंच.

“पोर कवा रडली?”

मी आठवू लागले. सकाळी रडली होती. त्यानंतर? दूध प्यायची वेळ दोनदा होऊन गेली होती.

“छान झोपल्यात दोघी,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

गाठोडं खाली पडलं. त्यांनी दार ढकललं, शेगडी बघितली, वर बघितलं. मग दुपट्यासकट पोर उचलली आणि थेट अंगणात, वाऱ्यात नेली.

“आत्याबाई, आवं, बाहेर नका नेऊ! गारठ्यानं मरंल ती!” माझी सांगली तेवढ्यात कुठे पळाली कोण जाणे.

“तुज्या उबंनं मरतीया ती! आत कोळशाची इखारी वाफ कोंडलीया. थोरलीला वढ भाईर!”

जाऊ हाकेला ओ देईना. मी तिच्या खालची वाकळ धरली आणि तिला वाकळेसकट फरफटत ओसरीवर आणलं. मागे फिरून मुसळाच्या टोकानं ते कौल ढकललं. ते बाहेर न सरकता माझ्या पायाशी येऊन फुटलं. शेगडी अंगणात नेताना हात भाजला, तो मला दुसऱ्या दिवशी कळला.

जाऊ ओकली, मग कण्हली. पोर मात्र गप्प. आत्याबाई तिच्या तळपायावर टिचक्या मारत होत्या, तोंडावर फुंकर घालत होत्या. पुन्हा टिचकी. मांजर जवळ येऊन बसली. मी देवाला काय कबूल केलं ते सांगत नाही, त्यातलं निम्मं अजून फेडायचंय.

पोरीनं आधी नाक मुरडलं. मग असं भोकाड पसरलं की खालच्या आळीतल्या बायका धावत आल्या. एवढं गोड रडणं मी नंतर माझ्या स्वतःच्या पोरांचंही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी फावडं माझ्या हातात दिलं आणि समोर बसून राहिल्या. मी खड्डा उकरला, माती तुडवली, काठ बांधला. काठ वाकडा झाला तर त्या बोटानं मोडायच्या, मी पुन्हा बांधायचे. वरच्या फुटक्या कौलाची जागा त्यांनी मोकळीच ठेवली. तिथून आभाळाचा तुकडा दिसत होता. मला वर बघायचं धाडस होत नव्हतं.

ओंडका पेटला, खोली धुरानं भरली. बाजेवर पोरीला पाजत बसलेली जाऊ खोकली, पदरानं डोळे पुसले आणि कालपासून पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाली, “फुडच्या खेपंला बाळंतीन तू हो. शेगडी मी पेटवती.”