तिसऱ्या फर्दिनांदोची तिसरी रेघ

लिबोरिओ पाथरवटाला अक्षर वाचता येत नव्हतं. आमच्या डोंगरातल्या गावात कुणाला येत होतं म्हणा! पाद्रीबाबा कागदावर काढून द्यायचे आणि हा ते तसंच्या तसं दगडावर उतरवायचा. आकड्यांच्या रेघा मात्र त्याला कळत. चौकातल्या पाणवठ्यावरच्या शिळेत राजाच्या नावापुढे तीन उभ्या रेघा होत्या. तिसरा फर्दिनांदो. समुद्रापलीकडे नेपल्सला हाच माणूस चौथा होता, कारण तिथे या नावाचे तिघे आधी होऊन गेलेले, आणि आमच्या सिसिलीत दोघेच. आमची गादी वेगळी, म्हणून मोजणीही वेगळी. आमच्या लोकांना याचा भारी तोरा. तोरा मिरवायला दुसरं होतंच काय आमच्याकडे!

त्या तीन रेघांतली तिसरी खाली तिरकी झाली होती. लिबोरिओचा बाप फिलिप्पू ती कोरत असताना परांचीची दोरी सुटली. छिन्नी घसरली आणि बाप खाली फरशीवर पडला, तो उठलाच नाही. जन्मभर दुसऱ्यांची नावं कोरणारा माणूस देवळामागच्या गरिबांच्या खड्ड्यात गेला. ना दगड, ना नाव. लिबोरिओ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. रेघ सरळ करून दे म्हणून पाद्रीबाबा मागे लागले, पण पठ्ठ्याने हात लावला नाही. पाणी प्यायला वाकण्याआधी तो रोज वर बघायचा. चाळीस वर्षं बघत होता.

मग बातमी आली. राजाने दोन्ही गाद्यांची एक गादी केली, आमची कायदे करणारी सभा मोडीत काढली आणि स्वतःला पहिला म्हणवून घेतलं.

"सत्तावन्न वर्षं राज्य करून आत्ता पहिला?" तानू न्हाव्याने वस्तरा हवेतच थांबवला. "मग इतकी वर्षं काय रांगत होता?"

दुकानात हशा पिकला. वसंतात एक कारकून खेचरावर बसून आला, तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही. त्याने पाणवठ्यासमोर लिबोरिओला उभं केलं.

"पहिली रेघ ठेव. पुढच्या दोन बुजव. मेअखेरीस संत फर्दिनांदोचा सण आहे, त्याच्या आत."

"साहेब, ती शेवटची माझ्या बापाची आहे."

"अस्सं? मला वाटलं, राजाची आहे." कारकून आपल्याच विनोदावर खूश झाला. "जमत नसेल तर तसं सांग. शेजारच्या गावचा गवंडी नवी शिळा द्यायला तयार आहे. ही फोडून पायऱ्यांना लावू."

"जमेल," लिबोरिओ म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता बिचारा?

पण त्याच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. चुना नावापुरता टाकायचा, बाकी सगळी माती. वरून सफाईने घोटलं की सणापुरतं दिसेल झकास. दोन हिवाळ्यांच्या पावसात सगळं वाहून जाईल आणि रेघा परत उघड्या पडतील. तोवर कारकून कुठे असेल आणि राजा कितवा असेल, कुणी सांगावं! हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. बायकोला, आगातीनालाही नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं त्याचं कायमचं म्हणणं. तीस वर्षं तीच त्याचा चुना कालवत आली होती, पण त्या सकाळी त्याने घरी स्वतः कालवला, घमेलं मागून घेऊन ये म्हणून तिला सांगितलं आणि पुढे जाऊन परांचीवर चढला.

आगातीनाने खालून घमेलं वर दिलं. लिबोरिओने आतला माल धड बघितलाही नाही. डोळे भरून आले होते आणि नजर होती त्या तिरक्या टोकावर. आधी मधली रेघ भरली. मग बापाची भरली, थापीने घोटली आणि खाली उतरला. कारकुनाने बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली.

पहिल्या हिवाळ्यात असा पाऊस झाला की तानूच्या दुकानाची भिंत बसली. लिबोरिओ भिजत पाणवठ्यावर गेला. रेघा जशाच्या तशा बुजलेल्या. दुसऱ्या हिवाळ्यात गारा पडल्या. तेव्हाही तेच. तिसऱ्या हिवाळ्यात दगडाच्या भुकटीने छाती धरली आणि त्याचं चौकात जाणंच थांबलं.

"अगं, शिळा बघितलीस का येताना?" एका दुपारी त्याने खाटेवरून विचारलं.

"बघितली की. रोज काय विचारता? खडा हलला नाही."

"आणखी एक पाऊस होऊ दे," तो पुटपुटला.

आगातीना वालाच्या शेंगा सोलत होती. ती हसली. "शंभर होऊ देत! आता सांगते, रागावू नका हं. त्या दिवशी तुम्ही चुना घालायलाच विसरला होता. घमेल्यात नुसता चिखल. म्हटलं, वय झालं ह्यांचं, आणि त्या मेल्या कारकुनापुढे नाक कापलं जाणार. दिला ओतून आणि नवा कालवला. बारीक चाळलेली संगमरवराची भुकटी, वर सहा अंड्यांचा पांढरा बलक. सणासाठी ठेवलेली अंडी होती हो! तुमचं काम कुणी नावाजलं की अजून बरं वाटतं मला."

लिबोरिओने डोळे मिटले. ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडणार? एक वाक्य. घरच्या माणसाला एक वाक्य सांगितलं असतं तर बाप वाचला असता. तिच्या हाताचा चुना काय चीज आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? शंभर वर्षंही तो निघणार नव्हता.

"अहो, रागावलात का?"

"नाही गं," तो म्हणाला. "चांगलं काम झालंय."

"तुमच्याच हाताखाली शिकले," आगातीना म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.