विमानातला मानपान

माझं दोन आसनांचं विमान माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे, आणि आम्हा दोघांचीही निम्मी यंत्रं अंदाजानं चालतात.

अकोल्याला सासरेबुवांची पंचाहत्तरी होती. "अमरावतीहून विमानानंच येईन," असं आमची सुनंदा माहेरी सगळ्यांना सांगून बसली होती. अट एकच. "पयले त्या डबड्यात नवीन यंत्रं बसवा. काट्याले टिचक्या मारणाऱ्या मानसासंग मी वर येत नाई!"

खरं तर एक रेडिओ आणि नकाशाचा एक पडदा पुरला असता. पण मी माहितीपत्रकं घेऊन घरात जेवायला बसलो. (विमानं आकाशात बिघडतात हा गैरसमज आहे, ती जेवणाच्या ताटावर बिघडतात!)

"ऑटोपायलट पाह्यजेच," थोरले काका म्हणाले. "तुले स्कूटरवर डुलकी लागते, वर काय करशीन?"

"आन् चिखलदऱ्याचा डोंगर आडवा आला, तं वरडून सांगनारं काई हाय का त्याच्यात?" आईनं विचारलं.

होतं!

मग ताईचे यजमान खाकरले. "ढग दाखवणारं यंत्र बरं राह्यते म्हणे."

जावयाचा शब्द! काकांचं घ्यायचं आणि जावयाचं वगळायचं, हे आमच्याकडे आहेरात चालत नाही, विमानात कसं चालणार? मामा नुसतं "रेडिओ दोन असले तं बरे" म्हणाले, तर दुसरा रेडिओही आला.

पंचाहत्तरीच्या दिवशी सकाळी सगळं घर नारळ घेऊन धावपट्टीवर हजर. ही सगळी यंत्रं बसवणाऱ्या नागपूरच्या इंजिनिअरनं नियमाप्रमाणे विमानाचं वजन केलं आणि डोकं खाजवलं. "साहेब, तुम्ही आणि मॅडम दोघं बसलात तर हे उडणार नाही. काहीतरी काढावं लागेल."

"कोनाचं?" काका गरजले.

"माह्यंच काढा," आई म्हणाली, पण अशा आवाजात, की इंजिनिअरनं हातातला पाना खिशात घातला. जावयांनी तोंड फिरवलं. ताईनं पदर डोळ्यांना लावला.

"याच्यात सर्वात वजनदार काय हाय?" सुनंदानं विचारलं.

इंजिनिअर सज्जन माणूस. नुसता माझ्या पोटाकडे बघत राहिला.

"मंग यायलेच काढा ना!" तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"अवो, पण विमान चालवतो कोण?" मी विचारलं.

"हे मास्तर हायेत की!"

मला उडायला शिकवणारे मास्तर शेजारीच उभे होते. तुराटीसारखे सडपातळ! काकांनी लगेच नारळ फोडला. एकाही यंत्राचा अपमान न होता विमान उडालं, आणि मी एसटी स्टँडकडे पळालो.

मूर्तिजापूरपर्यंत उभ्यानं आणि पुढे कोणाच्या तरी गाठोड्यावर बसून अकोल्याला पोचलो, तेव्हा शेवटची पंगत बसत होती. विमानातून उतरल्यावर गळ्यात पडलेला हार सुनंदा अजून काढायला तयार नव्हती.

"जावाईबुवा, तुमी कावून नाई उतरले विमानातून?" सासरेबुवांनी भर मांडवात विचारलं.

"बाबा, सर्व यंत्रं नवीन बसवली ना," सुनंदा म्हणाली. "जुनं तेवढं एक काढून टाकावं लागलं."

सगळा मांडव हसला. मी वाद घातला नाही. जिलबी माझ्या पानापर्यंत आली होती, आणि परतीच्या एसटीत वजनाचा काही नियम नव्हता!