तिसऱ्या तुकड्यातला आवाज

आमच्या रविवारच्या बैठकांबद्दल मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे. लोक कौतुकाने ऐकतात. त्यातली एक गोष्ट मी दर वेळी गाळतो, आणि विचारलं तर खोटी सांगतो. माझं वय आता एक्क्याऐंशी. ज्याच्या बाबतीत खोटं बोललो तो माझा मित्र यंदाच्या उन्हाळ्यात गेला. आता गाळण्यासारखं काही उरलेलं नाही.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. दुकानांत परदेशी साबण आणि चॉकलेटं दिसायला लागली होती, पण आम्हाला हवं होतं ते कुठेच मिळत नव्हतं. आम्ही एका परदेशी जोडीचं संगीत ऐकायचो. दोघंच जण, एक गिटारवर, दुसरा कीबोर्डवर. नावाला रॉक, पण त्यात ठेका जवळजवळ नसायचा आणि शब्द तर त्याहून कमी. एकेक सूर इतका लांबवलेला की चहा निवून जायचा तरी सूर संपलेला नसायचा. माझी बायको त्याला फ्रिजचं गाणं म्हणायची.

बैठक हैदराबादेत, काचीगुड्याला माझ्या घरी, सकाळी नऊला. मी सरकारी कचेरीत होतो. मागच्या गल्लीत राहणारा एक बँकेतला कारकून यायचा, आणि दिलसुखनगरहून बस धरून हा माझा मित्र. त्याचं घराणं मूळ बीदरकडचं शेतकरी. तो स्वतः एका औषध कंपनीच्या गोदामात हिशेबनीस होता. बोलायचा कमी. इंग्रजी बेताचं. पण त्याच्यासारखा ऐकणारा मी दुसरा पाहिला नाही.

आमच्या कॅसेटींना झेरॉक्सची कव्हरं असत, काळी-पांढरी. त्यामुळे अल्बमांची खरी नावं बाजूला पडली होती. चित्रावरून आम्ही त्यांना खुर्चीवाला, पत्र्याचा, पाणीवाला म्हणायचो. पत्र्याचा अल्बम सगळ्यात धीट, की खुर्चीवाला, यावरून बँकवाला आणि मी दोन महिने भांडलो होतो. पाणीवाला मात्र सगळ्यांचा लाडका.

एक रीत होती. अल्बम संपला की कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर मत लिहायचं, खाली नाव घालायचं नाही, चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात टाकायची. मग मी एकेक वाचायची आणि ती कोणाची ते बाकीच्यांनी ओळखायचं. मित्राची चिठ्ठी लगेच ओळखू यायची, कारण ती सगळ्यात लहान असायची आणि तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ बोललं जायचं.

त्या मंडळीत माझा मान होता तो कॅसेटींमुळे. रेकॉर्ड प्लेअरपासून टेपरेकॉर्डरपर्यंत वायर जोडून मी कॉपी काढायचो, म्हणजे खोलीतला कुठलाच आवाज आत शिरत नाही. हे मी सारखं सांगायचो. एकदा बँकवाल्याने माइक लावून भरलेली एक कॅसेट आणली. तिच्यात त्याच्या धाकट्या मुलीचं रडणं भरलं गेलं होतं. मी ती जागा दोनदा मागे फिरवून सगळ्यांना ऐकवली आणि म्हणालो, ही तिसरी वादक कोण बुवा? सगळे हसले. बँकवालाही हसला.

पाणीवाल्या अल्बमची रेकॉर्ड बँकवाल्याच्या साडूने लंडनहून आणली होती. ती आमच्याकडे एकच सकाळ होती. दुपारच्या गाडीने साडू परत जाणार होता. नेमकं त्याच दिवशी माझ्या वायरीचं टोक तुटलं. मी खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला, बायकोला कुकर लावू नको म्हणून सांगितलं आणि टेपरेकॉर्डर माइकसकट स्पीकरसमोर ठेवून कॉपी काढली. रेकॉर्ड वेळेवर परत गेली. माइकचं मी कोणाला बोललो नाही.

ती कॅसेट एकच होती. प्रत्येकाने ती आठवडाभर घरी न्यायची असं ठरलं. मित्राचा आठवडा संपला आणि त्याने डब्यात चिठ्ठी टाकली. ती अजून माझ्यापाशी आहे. ‘तिसऱ्या तुकड्यात दोघं थांबत येतात तेव्हा खालून काहीतरी जड सरकत जातं. ते वाजवलेलं वाटत नाही. जाऊ दिलेलं वाटतं. मी त्याच्यासाठी सगळा अल्बम ऐकतो.’

आम्ही तो तुकडा पुन्हा लावला. बँकवाल्याने मान डोलावली, मीही डोलावली. हौ, आहे खरं, असं सगळे म्हणालो. पुढचे किती रविवार त्या आवाजावर गेले. मी तर तो आवाज कीबोर्डच्या कोणत्या पट्टीतून काढला असेल यावर व्याख्यान दिलं.

मग एका संध्याकाळी मी कानांना हेडफोन लावून ऐकलं. ती मालगाडी होती. काचीगुडा स्टेशनात शिरताना वेग कमी करत गेलेली. बंद खिडकीतून आल्यामुळे तिची खडखड गळून नुसती घरघर उरली होती. स्टेशनजवळ राहणाऱ्या माणसाला गाडी ऐकू येत नाही. भरताना मला ती आली नाही, नंतर बैठकीतही नाही, कारण माझ्या घरी एखादी गाडी कायमच जात असायची. मित्राच्या दिलसुखनगरच्या खोलीत गाड्या नव्हत्या. त्याने जे होतं ते ऐकलं.

त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. सगळे हसले असते, मी सर्वांत जास्त. पण मला बँकवाल्याच्या मुलीचं रडणं आठवलं, आणि मी गप्प बसलो.

दोनेक वर्षांनी पुण्याहून एक पस्तिशीचा गृहस्थ कॉम्प्युटर कंपनीत नोकरी घेऊन हैदराबादला आला आणि आमच्यात यायला लागला. आमच्या बोलण्यातलं ‘हौ’ आणि ‘नक्को’ ऐकून तो गालात हसायचा. एका रविवारी तो सीडी प्लेअर आणि पाणीवाल्या अल्बमची सीडी घेऊन आला. झेरॉक्सवर काळं दिसणारं पाणी प्रत्यक्षात हिरवं होतं. मित्र पुढे सरकून बसला. तिसरा तुकडा आला, दोघं थांबत आले, थांबले. खाली काहीच नव्हतं.

मित्र म्हणाला, पुन्हा लावा. पुन्हा लावला. काहीच नाही.

“सीडीत नाही म्हणजे कुठेच नाही,” पुणेकर म्हणाला.

“मियाँ, स्वप्नात वाजला काय?” बँकवाला म्हणाला. “न्या रे याला एर्रागड्ड्याला.”

वेड्यांच्या इस्पितळामुळे एर्रागड्डा हा हैदराबादेत जुना विनोद आहे. पण मित्राच्या थोरल्या भावाला कानात आवाज यायचे आणि त्याला खरोखरच तिथे ठेवावं लागलं होतं. हे फक्त मला ठाऊक होतं. मित्राने ते एकट्या मला सांगितलं होतं.

तो माझ्याकडे वळला. “उस्ताद, तुझी कॅसेट लाव ना. दोन मिनटाचं काम आहे.”

“ती मशीनमध्ये गुंतली,” मी म्हणालो. “फेकून दिली.”

कॅसेट माझ्या पाठीमागच्या कपाटात होती.

जाताना तो दाराशी थांबला. बाकीचे जिना उतरले होते. त्याने चपला घातल्या, पुन्हा काढल्या. “सच बोल,” तो म्हणाला. “होता का नव्हता?”

“वायरीतून येतं तेवढंच माझ्या कॅसेटमध्ये येतं.”

“मग मला कशाचा आला?”

यावर मी काय बोललो ते मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. मी म्हणालो, “तुझ्या चिठ्ठीला मान द्यायला आम्ही हौ म्हणालो होतो. हवा असला की येतो रे माणसाला आवाज.”

तो परत आला नाही. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला, नोकरीचं बोलला. टेपरेकॉर्डर दिसला नाही, मीही विचारलं नाही. बैठक वर्षभर चालली आणि मग मोडली. बाजारात सगळंच मिळायला लागलं होतं, एकत्र बसून ऐकायची गरज राहिली नव्हती, असं कारण मी लोकांना देतो. बिस्किटांच्या डब्यात वाचण्यासारखी चिठ्ठी पडेनाशी झाली होती, हे खरं कारण.

तो गेल्यावर महिन्याभराने ती कॅसेट आणि एक जुना वॉकमन घेऊन मी दिलसुखनगरला गेलो. त्याची मुलगी तिथल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. मी सगळं सांगितलं आणि हेडफोन तिच्या हातात दिला. तिने तो तुकडा उभ्यानेच ऐकला.

“ही तर रेल्वे आहे, काका.”

“हो.”

तिने हेडफोन उतरवला. मग सांगू लागली. ती शाळेत असल्यापासून तिचे वडील तिला विचारायचे, तुला आला ना आवाज? कुकरची शिट्टी झाली की विचारायचे, फोन वाजला की विचारायचे, खाली भाजीवाला ओरडला तरी विचारायचे. तिने हो म्हटल्याशिवाय उठायचे नाहीत. कानाच्या डॉक्टरकडे झालं, दुसऱ्या डॉक्टरकडेही झालं. कुणाला काही सापडलं नाही.

“एकदा दाराची बेल वाजत होती,” ती म्हणाली. “माझी दहावीची परीक्षा होती. मी चिडून म्हणाले, नाही, नाही वाजली. बाहेर आई उभी होती. ती वाजवतच होती, आणि बाबा खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते.”

मी माफ कर म्हणालो. तिने कॅसेट वॉकमनमधून काढून माझ्यासमोर ठेवली. “मला देऊन काय होणार? ज्यांच्यासमोर झालं त्यांना सांगा. आणि लिहून सांगा. तोंडाने तुम्ही काहीही सांगता.”

पुणेकर निवृत्त होऊन पुण्याला गेला आहे. मी त्याला फोनवर सविस्तर मजकूर पाठवला. उत्तरादाखल एक अंगठा आला, आणि पाणीवाला अल्बम नव्याने निघाल्याची बातमी.

बँकवाला अजून मागच्याच गल्लीत राहतो. मला जिने चढवत नाहीत, म्हणून त्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“गाडी आहे हे मला तेव्हाच कळलं होतं,” तो म्हणाला. “कॅसेट माझ्या घरी पण आठवडाभर होती की. मी रात्रंदिवस गाड्यांत राहतो, तरी मला आली ऐकू. माझ्या पोरीचं रडणं तू सगळ्यांना ऐकवलंस. म्हटलं, बघू हा शहाणा कधी कबूल करतो.”

मी म्हटलं, मग त्या दिवशी एर्रागड्ड्याचं का बोललास?

“तुला बोलतं करायला,” तो म्हणाला. “मला वाटलं, याच्यावर तरी तू तोंड उघडशील.”

त्याला भावाचं माहीत नव्हतं. मी आता सांगितलं. त्याने फोन ठेवून दिला.

त्याच्या-माझ्या हट्टात तिसराच माणूस चिरडला गेला, असं म्हणून अर्धा वाटा त्याच्यावर टाकता येईल. मी तसा प्रयत्न केला आणि जमला नाही. दाराशी थांबून प्रश्न मला विचारला होता, त्याला नाही.

म्हणून त्या मुलीने सांगितल्याप्रमाणे हे लिहून ठेवतो आहे. एक प्रत तिला जाईल, एक मागच्या गल्लीत. तिसऱ्या तुकड्यात आवाज होता. माझ्या मित्राने तो बरोबर ऐकला होता. कॅसेट माझ्या कपाटात, वरच्या खणात आहे. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने ती घेऊन जावी आणि जिथून गाड्या जात नाहीत अशा घरी ऐकावी.