ओट्याची उंची

घरं विकून देण्याच्या धंद्यात मला वीस वर्षं झाली. या वर्षांतली एक गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. ती एका स्वयंपाकघरातल्या ओट्याची आहे.

मेहरूणमधल्या त्या घराचे मालक, आबा, मूळचे सोनगीरचे. जळगावात नोकरी करून निवृत्त झाले, पण बोलणं गावचंच, अहिराणी राहिलं. बायको वारल्यावर धुळ्याची मुलगी म्हणाली, घर विका आणि माझ्याकडे या. त्यांनीच मला बोलावलं. आणि मग आठ महिने, मी नेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाबद्दल एकच उत्तर दिलं, "देखसू." म्हणजे बघू. धड हो नाही, धड नाही नाही.

एका बँकेतल्या जोडप्याला घर फार आवडलं होतं. बाई तर पडद्यांच्या रंगापर्यंत पोचल्या होत्या. आबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "भरताची वांगी कशावर भाजता?"

"गॅसवर."

आबांच्या घरी ती कपाशीच्या काड्यांवरच भाजली जायची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजलो, हेही गेलं.

ते दोघं गेल्यावर मी म्हणालो, "आबा, घर विकायचंय का पोरगी द्यायचीय?"

"पोर दिधी तवय इतलं इचारं नही. म्हनीसन आते इचारस."

म्हणजे पोरगी देताना एवढं विचारलं नाही, म्हणून आता विचारतात.

स्वयंपाकघर ते सगळ्यात शेवटी दाखवायचे आणि त्यातच अर्धा तास घालवायचे. ओटा बुटका होता. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली असताना घर बांधलं, तेव्हा आबांनी गवंड्यापुढे हात आडवा धरून 'एवढी शे ती' असं तिचं माप सांगितलं होतं. हे इतक्या कौतुकानं सांगायचे की गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागायचं.

मी कंटाळलो. मालक फारच ताणून धरायला लागला की आमच्यात कधीकधी खोटं गिऱ्हाईक पाठवतात. ते घराला नावं ठेवून जातं, मालक नरमतो, मग खरं गिऱ्हाईक न्यायचं. मी माझ्या मेहुण्याला पाठवलं. पढवलंही मीच. "ओट्यावर बोल. तिथं ते हळवे आहेत."

मेहुणा ओट्याशी वाकून उभा राहिला, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाला, "इथं जिनं रांधलं असेल तिची कंबर गेली असेल हो."

आठवडाभरात आबांनी त्याच बँकेतल्या जोडप्याला घर देऊन टाकलं. वांग्यांचं नावही काढलं नाही. मला वाटलं, जमलं.

खरेदीखताच्या दिवशी कचेरीच्या बाकावर ते एकदम म्हणाले, "ती कंबर धरीसन बसे. मी म्हने, वय व्हयनं." मग म्हणाले, "तीस वरीस मी तिले वाकाडं."

मी म्हणालो, "चला आबा, सही राहिलीय."

आबा धुळ्याला गेल्यावर नव्या मालकांना किल्ली द्यायला गेलो, तर शेजारच्या अक्कांनी आबांच्या बायकोचा विषय काढला. मी कमरेचं विचारलं. "एवढीशी होती ती. आमच्याकडे आली की म्हणायची, तुमचा ओटा माझ्या गळ्याशी येतो बाई, माझा मला बरा. ओट्यानं कंबर कसली जाते, ती न्हाणीत घसरून पडली होती. दवाखान्यात नेतील म्हणून घरात सांगितलं नाही."

म्हणजे आबांचं माप बरोबर होतं. आणि हे त्यांना सांगायचं तर मेहुण्याचंही सांगावं लागणार होतं. दोन वर्षं मी कामाला धुळ्याला जात राहिलो, त्यांच्या मुलीच्या गल्लीवरून गाडी नेत राहिलो, थांबलो नाही. वैताग आबांचा होता तोवर सोपं होतं. आता तो माझाच मला येत होता.

गेल्या महिन्यात थांबलो. मुलगी पोळ्या लाटत होती. ओट्याशी एक उंच स्टूल, पलीकडे आबा.

"बघा ना," ती मला म्हणाली, "रोज याच्यावर बस म्हणतात. स्टुलावर बसून पोळ्या लाटतं का हो कुणी? म्हणे कंबर जाईल."

मी सगळं सांगितलं. मेहुणा, पढवलेलं वाक्य, अक्कांचं बोलणं. मेहुण्याला साधा चहा करता येत नाही, हेही. मुलगी लाटणं हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. आबा चष्मा पुसत बसले.

"तो तुना मेव्हना व्हता?" त्यांनी विचारलं. "मी त्याले दोन कप चहा पाजा."

"आबा, मला शिव्या द्या. पण ते ओट्याचं मनातून काढा."

त्यांनी स्टुलाकडे पाहिलं.

"देखसू," म्हणाले.

मुलीनं पायानं स्टूल बाजूला सरकवलं. आबांनी ते परत ओढून ठेवलं नाही, एवढं मी दारातून पाहिलं. पण एवढं सगळं कबूल केल्यावरही तोच शब्द. परतीच्या वाटेवर पारोळा येईपर्यंत मी त्या शब्दावर चिडत होतो.