शेरभर ज्वारीचे सभासद

साळूबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सभा म्हटली की तिचा पाय घरात ठरत नसे. खर्ड्याजवळच्या त्यांच्या वाडीत कुणाचंही भाषण असो, ही पदर सावरत हजर. त्यात छगन शिंप्याच्या दुकानात पक्षाची शाखा निघाली आणि बाईला गावातच माहेर मिळालं. छगन मशीन थांबवून पक्षाचं पत्रक वाचून दाखवी. मागेल त्याला काम, जमिनीला कमाल मर्यादा, गावात पाणवठा एकच. साळूबाई दारात बसून मान डोलवी आणि एकेक धोरण संपलं की विचारी, "आन् बायांचं काय?"

"वहिनी, त्यातच आलं की समदं," छगन वैतागून म्हणे.

"आलं आसंल तर मंग लिवायला काय झालं?"

गावानं तिचं नावच 'बायांचं काय' पाडलं होतं. तिला त्याचं काडीचं वाईट वाटत नसे. त्या नावानं हाक मारली तरी ती ओ देई आणि वर खळखळून हसे.

बहात्तरचा दुष्काळ पडला तशी झाडून सगळी वाडी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. साळूबाई आणि तिचा नवरा आसाराम एकाच ढिगाशी समोरासमोर बसत. ऊन सारखं, हातोडा सारखा, पण मजुरी वाटताना मुकादम आसारामला जास्त देई आणि तिला कमी. का, असं विचारलं तर म्हणे, रीतच आहे तशी. असल्या रीतींना आपल्याकडे काही तोटा नाही.

मग पक्षानं तालुक्याला मोर्चा न्यायचं ठरवलं. मागण्या ठरवायला वाडीतच सभा होणार होती आणि जिल्ह्याचे अध्यक्ष आबासाहेब वकील येणार होते. साळूबाईनं छगनला गाठलं. "बाईला न् गड्याला सारखी मजुरी, येवढं येक मांडा."

"मांडतो," छगन म्हणाला. "पर हात सभासदांनी वर करायचं. गडी न्हाई म्हनलं तर ती मागनी मोर्च्यात जायाची न्हाई."

आणि गडी नाही म्हणणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण पहिला नाही म्हणणारा तिच्याच घरात होता. "तुला माझ्यायेवढी मजुरी?" आसाराम म्हणाला होता. "मंग मी गडी कशाचा?" माणूस वाईट नव्हता हो, पण मिशीला पीळ देण्याची हौस भारी.

आता सभासदांची गंमत ऐका. एरवी वर्गणी रोख असायची. यंदा रोकड कुणाकडे होती? तेव्हा छगननं शक्कल काढली. सभेच्या जेवणासाठी शेरभर ज्वारी द्या आणि सभासद व्हा. मागल्या वर्षी 'माझं त्यानं भरलं' म्हणणारे फार निघाले होते, म्हणून त्यानं पारावर उभं राहून जाहीर करून टाकलं, "ज्याच्या हातानं पोत्यात दानं पडतील, त्योच सभासद!" स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूष झाला की पुढचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्या मुलखात दाणे मापून घालणं हे बाईचं काम. भर गल्लीतून सुपात ज्वारी घेऊन निघालेल्या गड्याला गाव वर्षभर चिडवतं. तेव्हा घरोघरच्या गड्यांनी बायकोला सांगितलं, "जा, टाकून ये." बाया गेल्या आणि टाकून आल्या. छगनच्या घरचा शेरसुद्धा त्याच्या बायकोनंच ओतला होता.

सभा भरली ती शाळेपुढच्या लिंबाखाली. पुढं सतरंजीवर गडी आणि मागं तीन दगडांच्या चुलींवर भाकऱ्या थापणाऱ्या बाया. 'पाणवठा एकच' हा ठराव टाळ्यांत मंजूर झाला. मागं बौद्धवाड्यातली बनुबाई साळूबाईच्या शेजारी बसून एकाच परातीतल्या पिठाच्या भाकऱ्या थापत होती, म्हणजे चुलीपाशी तो आधीच मंजूर झालेला होता.

मग छगननं घसा खाकरून मजुरीचा ठराव मांडला. आसाराम ताडकन उठला. "ह्ये काय चालायचं न्हाई," म्हणाला, आणि माना हलल्या. आबासाहेब म्हणाले, "बरं, सभासदांनी हात वर करा."

"सायेब," ती चुलीपाशी उभी राहिली, "सभासद कोन त्ये आदी इचारा की!"

छगनचा चेहरा खर्रकन उतरला. आबासाहेबांनी नियम विचारला. त्याला तो सांगावाच लागला. पोत्यात ज्वारी कुणाकुणाच्या हातानं पडली, हे विचारल्यावर सतरंजीवरचा एकेक जण दुसऱ्याकडे बघू लागला. मग आबासाहेब जे हसत सुटले, ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "या वाडीतले सभासद सगळे चुलीपाशी आहेत!"

"आगं मंग बघतीस काय?" बनुबाई आनंदानं ओरडली. "कर हात वर, आत्ताच उरकून टाकू!"

साळूबाईचा हात अर्धा वर गेलाही. पण तिनं सतरंजीकडे पाहिलं आणि तो खाली घेतला. "निस्त्या बायांचा ठराव घिऊन गेलो तर मामलेदार म्हनंल, गड्यांचं न्हाई म्हननं. न्हाई बाई. पक्ष समद्यांचा हाय." मग गड्यांना म्हणाली, "जावा, घरला जाऊन दानं आना. आमी थांबतो."

"हातातला घास घालवलास," बनुबाई चिडून म्हणाली. साळूबाईलाही आतून तीच धास्ती होती.

गडी उठले ते पळतच सुटले. ज्वारी घरात कुठं असते हे ठाऊक कुणाला? एकानं घाईत हरभरे आणले. दुसऱ्याच्या सुपातून वाटभर दाणे सांडले आणि मागून कोंबड्यांची वरात आली. बाया पोट धरधरून हसत होत्या. खुद्द छगन उपरण्यात ज्वारी बांधून आला तेव्हा तर आबासाहेबांना ठसकाच लागला.

सगळ्यांच्या शेवटी आसाराम आला. त्याच्या हातातला शेर निम्मा रिकामा होता.

"सायेब, शेर भरना," तो म्हणाला. "डेऱ्यात हात घातला तर तळच लागला. आमी रोज रेशनची तांबडी मिलो खातो, मला वाटायचं घरची ज्वारी ऱ्हायली आसंल चिक्कार. आन् हिनं त्यातनंच पक्षाला शेर भरून दिला." तो बायकोकडे वळला. "मला सांगायचं तरी."

"तुमी कवा इचारलं?" साळूबाई म्हणाली, पण आवाज तिचा तिलाच मऊ लागला.

"अर्ध्या शेरात सभासद करायचं का?" आबासाहेबांनी चुलीकडे पाहून विचारलं.

"घ्या की सायेब. त्येंनी सोताच्या हातानं आनलंय."

आसारामनं दाणे पोत्यात ओतले आणि तिथंच उभ्या उभ्या हात वर केला. "माझं मघाचं बोलनं मागं घेतो. मजुरी सारखी पायजे." त्याच्यामागं एकेक हात वर गेला. कुणी मनापासून केला, कुणी बायको बघत होती म्हणून केला, पण केला. चुलीपाशी तर पिठानं माखलेल्या हातांचं शेतच उभं राहिलं.

साळूबाई मात्र नुसती बघत राहिली होती. तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"साळूबाई, तुमचा हात?" आबासाहेबांनी विचारलं.

ती भानावर आली आणि तिनं दोन्ही हात उंच केले.

"अहो, एकच करायचा असतो."

"आसू द्या सायेब," ती म्हणाली. "खडी मी दोनी हातांनी फोडती."