कॉइलवरचा पहारा

माझ्या साळ्यावर माझा शक होता. तसा तो लग्नापासूनच होता, पण गाडीचा स्पार्क बंद झाला तेव्हापासून पक्का झाला.

गाडी म्हणजे भाजी आणायची गाडी नाही. विलायती टू-स्ट्रोक फटफटी, माझ्याच उमरीची, अन् तिचं काम रस्त्यावर नाही, दगडांवर. सीट नावालाच, सायलेन्सर वरतून गेलेला. खेळ असा की मोठमोठ्या दगडांवरून हळूहळू चढवत न्यायची अन् पाय खाली टेकवायचा नाही. टेकवला की नंबर कटला. आमच्या फॅक्टरीतले एक साहेब बदली होऊन चालले होते, त्यायच्यापासून मी घेतली. आम्ही गढा मोहल्ल्यात राहतो, बाजूलेच पहाडी, दगडांची काही कमी नाही. दर इतवारी मी तिथी जातो अन् दर इतवारी दोन्ही पाय टेकवतो. कधी पाठ बी टेकवतो. पाहणारे म्हणतात काका छान खेळतात, पण हा कोणता खेळ आहे ते त्यायले समजत नाही.

बायकोले गाडीचं दुःख वेगळं होतं. ओसरीतली अर्धी जागा गाडीनं घेतली होती अन् तिले तिथी शिलाईची मशीन लावायची होती. चालू गाडी ती सहन करत होती. बंद गाडी पाहून तिचं डोकं फिरलं. तिनं साफ सांगून टाकलं की दसऱ्याले गाडी आपल्या दमानं चालू होऊन फाटकाबाहेर पूजेला उभी राहिली तर राहू दे, नाही तर त्याच दिवशी ती गाडी तिच्या भावाच्या घरी जाईन.

आता पाहा. तिचा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाले, कांचघरले राहते, रेल्वेत बिजलीचं काम करते, अन् त्याचा डोळा या गाडीवर कितीतरी वर्षांपासून. यायचा तेव्हा आधी टाकीवर हात फिरवायचा, मंग माझ्या पाया पडायचा. अन् गाडीतले स्पार्क पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक बसवा, हे बी त्यानंच माझ्या डोक्यात घातलं. पॉइंट घिसले होते, हे खरं. गाडी दगडावर चढता चढता अशी फुसकन बंद पडायची अन् मी गाडीच्या खाली सापडायचो. त्यानं सांगतलं, मी ऐकलं, मोबाइलवरून सामान मागवलं. एक मॅग्नेटची प्लेट, एक काळी डब्बी अन् एक नवीन कॉइल. बसवलं बी त्यानंच, इतवारी येऊन, माझा चहा पिऊन.

मी फॅक्टरीत जिंदगीभर पेंटर होतो. गाडी खोललेली दिसली म्हणून मी आधीच फ्रेमले रंग मारून घेतला होता, तीन हात. आमच्या लाइनीत दोन हाताचं काम पास होत नसे. साळ्यानं त्याच्यावर कॉइल कसली, किक मारली, गाडी खोकत खोकत चालू झाली. मी त्याले शाबासकी दिली. तो गेल्यावर पाह्यलं तर पान्यानं कॉइलच्या बोल्टापाशी रंग उखडला होता. मले ते पाहवलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉइल खोलली, खाली नीट रंग मारला, बोल्टाले बी मारला, वाळवलं अन् परत जशीच्या तशी कसली.

त्याच्यानंतर स्पार्क नाही.

किक मारून मारून माझा गुडघा सुजला. प्लग बदलला, प्लगची टोपी बदलली, पेट्रोल नवीन टाकलं. पेट्रोलचा स्पार्कशी काही संबंध नसते हे मले मंग कोणीतरी सांगतलं. काही झालं नाही. तेव्हा मी खाटेवर बसून विचार केला, अन् मी विचार करतो तेव्हा नुकसानच होते. इतवारी त्याच्या हातानं चालू झाली. आता माझ्या हातानं होत नाही. दसऱ्याले बंद असली तर गाडी कोणाले भेटणार? त्याले. सामान कोणी सांगतलं? त्यानं. बसवलं कोणी? त्यानं.

सामानवाल्याले फोन लावला. तो इंदूरचा, नाही तर मी तिथी जाऊनच बसलो असतो. म्हणे, भैया, अर्थिंग चेक कर लो. मी सगळे तार हलवून पाह्यले, एक बी ढिला नव्हता. संध्याकाळी साळ्याचा फोन आला, तो बी तेच म्हणे, अर्थिंग पाहा. दोघं एकच शब्द बोलून राहिले म्हणजे दोघं मिळालेले आहेत, हे समजायले शाळा लागत नाही. शाळेत तसा मी जितके दिवस गेलो, तितके दिवस मास्तर सुट्टीवर होते.

फॅक्टरीत आमची एक पद्धत होती. इन्स्पेक्टरनं नट पास केला की आम्ही नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढायचो. कोणी नट हलवला तर रेघ तुटते, लगेच दिसते. मी घरी तेच केलं. पिवळा रंग घेतला अन् गाडीच्या एकेका नटावर, बोल्टावर, कॉइलच्या बोल्टावर तर दोन्हीकडून अशा रेघा ओढल्या. आता कोणी हात लावो. बायकोनं विचारलं हे काय करून राहिले. मी म्हटलं, पूजेची तयारी. ती म्हणे, हळदीचं काम पेंटनं काहून करता. मी पुढचा नट धरला, तिले खरं कसं सांगू. भावाची बहीण होती.

साळा गाडी पाहायले परत आला तेव्हा मी त्याच्या बाजूले वेताचा मोढा टाकून बसलो. तो उठला की मी उठायचो. त्यानं खिशात हात घातला की मी वाकून पाहायचो. खिशातून तंबाखू निघाली, त्यानं मले बी दिली, मी खाल्ली नाही. म्हटलं, कोणाचा काय भरोसा. तो गेला अन् मी टॉर्च घेऊन सगळ्या रेघा पाह्यल्या. एक बी तुटली नव्हती. ते पाहून मले आनंद व्हायले पाहिजे होता, पण उलट डर वाटला. म्हटलं, रेघ न तोडता करून राहिला म्हणजे हा किती पोहोचलेला आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो करंट तपासायचं मीटर घेऊन आला. म्हणे, कॉइल खोलावी लागीन, तिच्याखाली पाहायचं आहे. मी म्हटलं, खोलायची नाही.

"काहून?"

"माझी निशाणी आहे त्याच्यावर."

त्यानं वाकून पिवळी रेघ पाह्यली. मंग दुसऱ्या बोल्टावरची पाह्यली. मंग सगळ्या गाडीवरून नजर फिरवली. रेल्वेतला माणूस, निशाणी कशासाठी असते ते त्याले सांगायची गरज नव्हती. त्याचं तोंड एकदम लहान झालं.

"भाऊजी, तुम्ही माझ्यावर शक करून राहिले?"

मी म्हटलं, शक नाही, हिसाब आहे. गाडी बंद राहिली तर फायदा कोणाचा?

बायको दारात उभी होती. तिनं ऐकलं. ती भावाले म्हणाली, "तू हात नको लावू. मीटर उचल अन् जेवायले चल. उद्या गाडी बी नको नेऊ. भंगारवाल्याले देऊ."

भंगारवाला म्हटल्यावर मी गाडीचं हँडल धरलं. साळ्याकडे गेली असती तर कांचघरले जाऊन पाह्यली तरी असती. पण मागं कसा सरकू. मी म्हटलं, ठीक आहे, त्यानं किक मारावी, मी कॉइलवर हात ठेवून पहारा देतो. म्हणजे त्याले काही करताच येणार नाही, अन् चालू झाली की सगळी त्याचीच कारागिरी होती हे साफ होईन.

साळा गाडीवर चढला. मी खाली बसलो. एक हात कॉइलच्या लोखंडावर ठेवला, दाबून, जशी ती पळून जाईन. दुसरा हात आधारासाठी इंजनवर टेकवला. इंजन मी रंगवलं नव्हतं, तेवढंच एक सोडलं होतं. त्यानं किक मारली.

एखाद्या म्हशीनं छातीत लात मारावी तसा मी मागं गेलो अन् तुळशीच्या कुंडीपाशी जाऊन बसलो. पण त्याच्या आधी, मी माझ्या कानानं ऐकलं, गाडी भक करून बोलली. बायको धावली. साळा गाडीवरच बसला होता, माझ्याकडे पाहून राहिला होता, पण डोळे माझ्यावर नव्हते. तो कायचा तरी विचार करत होता.

"भाऊजी," तो म्हणाला, "परत एकदा धरा बरं."

मी म्हटलं, नाही.

बायको म्हणे, धरा न.

म्हणजे घरात माझी काय इज्जत आहे ते मले तिथंच समजलं. धरलं नाही मी. मंग साळ्यानं समजावून सांगतलं, त्याच आवाजात ज्यात तो आपल्या लेकीले समजावते. जुन्या कॉइलले अर्थिंगचा वेगळा तार होता. नवीन कॉइलले तो नाही, ती जिथी बोल्टानं कसली तिथूनच फ्रेममधून अर्थिंग घेते. तिच्याखाली लोखंड नाही, रंगच रंग आहे. पहिल्या दिवशी बोल्ट कसताना रंग उखडला होता म्हणून कशीतरी चालली. "आता अर्थिंग तुमच्यातून गेली," तो म्हणाला, "म्हणून बोलली."

मी त्याले खोलायची परवानगी दिली. त्यानं बोल्ट काढला, माझी पिवळी रेघ तुटली, मले अजून बी वाईट वाटलं. करवतीच्या जुन्या पत्तीनं त्यानं कॉइलखालचा रंग खरडला, पार चमकतं लोखंड निघेपर्यंत. एक थर, दुसरा, तिसरा. मी मंग लावलेला धरून चार थर निघाले. खरडता खरडता तो म्हणे, काम मात्र तुमचं पक्कं आहे भाऊजी. कॉइल कसली. पहिल्याच किकमध्ये गाडी अशी चालू झाली की ओसरीत धूर भरला अन् बायको खोकत आत गेली.

आता कोणी बी म्हणीन, शक मिटला असन. नाही मिटला. मी नवीन शक काढला. दसऱ्याले एकच दिवस राहिला होता, त्यानं नुसतं गप्प बसायचं होतं, गाडी त्याच्या दारात गेली असती. मंग यानं दुरुस्त काहून केली? मी त्याले फाटकापाशी गाठून विचारलंच.

तो म्हणे, "बंद गाडी घेऊन मी काय करू? मले चालवायची आहे. तुम्हीच बोलवत नाही कधी."

मी त्याले उद्या ये म्हटलं.

दसऱ्याले गाडी फाटकाबाहेर उभी राहिली. बायकोनं तिले कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, अन् मशीन मागच्या खोलीत लावायचं कबूल केलं, तोंड वाकडं करून. साळा सोनं द्यायले आला, पाया पडला, या वेळी टाकीच्या आधी. मी म्हटलं, जा, एक चक्कर मारून ये. तो पहाडीकडे गेला.

खूप वेळ झाला. तो येईना. मी फाटकाबाहेर उभा, मंग कोपऱ्यावर उभा, मंग पानठेल्यापाशी. म्हटलं, गेला हा कांचघरले. शहराबाहेर पनागरपर्यंत बी गेला असन, मोकळा रस्ता आहे. तेवढ्यात तो उतारावरून गाडी ढकलत येताना दिसला, घामानं भिजलेला, माळेचे अर्धे झेंडू गायब. म्हणे, पेट्रोल संपलं भाऊजी. एक दगड असा चढलो, पाय टेकला नाही.

मी टाकीचं झाकण उघडलं, गाडी हलवली, अन् डोळा लावून आत पाह्यलं. खरंच संपलं होतं.